खजिना कोणाचा, कात्री कोणावर?

ज्या घरचा कारभारी मिरगाच्या तोंडाशी बियाण्याचा पैसा मांडवाला व वाजंत्र्याला घालतो आणि पेरणीच्या दिवशी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो, त्या कारभाऱ्यास वऱ्हाडात लोक काय म्हणतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पण हाच उद्योग मुंबईच्या मंत्रालयात बसून केला म्हणजे त्यास 'अंदाजपत्रक' असे भारदस्त नाव मिळते, त्यावर टाळ्या पडतात आणि कवितांच्या ओळी म्हणून दाखविल्या जातात. आमच्या कास्तकार, सुतार, लोहार, कुंभार बंधुभगिनींस वाटते की, हे मोठ्यांचे आकडे, आपल्याला त्यातले काय कळते? हाच समज मोडावा म्हणून आज ही लेखणी हाती घेतली आहे. खळ्यावरची रास ज्यास मोजता येते त्यास सरकारचा जमाखर्चही मोजता येतो.

प्रथम खजिना कोणाचा ते पाहू. शहाणे म्हणतात, शेतकरी कर भरत नाही, तो नुसता खातो. वाहवा रे हिशेब! खताच्या पोत्यावर शेकडा ५, फवारणीच्या रासायनिक औषधावर शेकडा १८, ट्रॅक्टरात घातलेल्या डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे केंद्राचा कर वेगळा आणि राज्याचा वेगळा. लोहार ज्या लोखंडाचा फाळ घडवितो त्या लोखंडावर शेकडा १८, आणि खामगावच्या पेढीवर जी चांदी विकली जाते तिच्यावर शेकडा ३. फाळाच्या लोखंडावर अठरा व चांदीवर तीन! हा वस्तू व सेवा कर एकट्या राज्याचा नाही, त्यात दिल्लीचाही वाटा आहे, हे आम्ही जाणतो. पण तो आमच्याच खिशातून निघतो यात दोन मते नाहीत. फरक इतकाच की नोकरदारास पगाराच्या कागदावर आपला कर दिसतो, आणि आमचा कर पोत्याच्या किमतीत मुरून जातो. न दिसणारा कर भरणारा मनुष्य हिशेब मागत नाही, म्हणून सरकारास तो फार आवडतो.

आता खर्चाकडे वळू. २०२४-२५ सालाचे महाराष्ट्राचे अंदाजपत्रक ६ लाख १२ हजार २९३ कोटींचे होते. वर्षाचा खर्च असा ठरला म्हणावे, तर त्याच वर्षी जुलैत ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या आणि डिसेंबरात आणखी ३५ हजार ७८८ कोटींच्या. दोहोंची बेरीज १ लाख ३० हजार कोटींवर जाते, म्हणजे मूळ आकड्याच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक. पुरवणी मागणी हे काही पाप नव्हे. अवकाळी पाऊस येतो, साथ येते, त्यावेळी जादा पैसा लागतोच. परंतु वर्षातून दोनदा पाचवा हिस्सा नव्याने मागावा लागतो, तेव्हा दोहोंपैकी एक गोष्ट खरी असली पाहिजे. एक तर जूनमध्ये हिशेब मांडणारास हिशेब येत नव्हता, किंवा त्यास खरा आकडा त्यावेळी सांगावयाचा नव्हता. चैत्रात गावाला सांगायचे ज्वारी पेरणार, आणि आषाढात वावरात दुसरेच बी टाकायचे, असा हा प्रकार आहे. मूळ अंदाजपत्रकावर निदान चार दिवस चर्चा होते. पुरवणी मागण्या गोंधळातच मंजूर होतात.

त्याचा परिणाम काय झाला? २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात सरकारनेच लिहून दिले की, राज्यावरील कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल, महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटींची राहील आणि नुसत्या व्याजापायी ६४ हजार ६५९ कोटी द्यावे लागतील. या व्याजाला ३६५ दिवसांनी भागा. रोजचे १७७ कोटी होतात. सूर्य उगवला की १७७ कोटी, एकादशी असो की अमावास्या. यावर पंडित मंडळी उत्तर देतात की, राज्याच्या एकूण उत्पन्नाशी कर्जाचे प्रमाण शेकडा १८.८७ आहे, मर्यादा २५ ची आहे, मग ओरड कशाची? ओरड याची की, त्या 'एकूण उत्पन्ना'त मुंबईच्या बँका, पेढ्या आणि रोखेबाजार धरलेला असतो. आमचा बुलढाणा जिल्हा दरडोई उत्पन्नात मुंबईच्या किती मागे आहे, हे सरकारचीच आर्थिक पाहणी दरसाल छापते. श्रीमंत भावाच्या जमिनीवर बोजा चढवून गरीब भावाने लग्न केले असते तर गोष्ट वेगळी होती. येथे दोघांच्या नावाने बोजा चढतो, आणि जेवण मात्र तिसराच उरकून जातो.

मंदी मंदी म्हणतात ती आमच्या गावात कशी येते? मुंबईत ती रोख्यांच्या आकड्यातून कळते. चिखली-मेहकरकडे ती सोयाबीनच्या कट्ट्यातून कळते. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला आणि बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत राहिला. खरेदी केंद्रावर बारदाना नाही, ओलावा जास्त आहे, नोंदणी झालेली नाही, अशी कारणे ऐकत कास्तकार उभा राहिला. ज्याच्या घरी पोरीचे लग्न किंवा बँकेचा तगादा होता त्याने अडत्याच्या दाराशी माल ओतून टाकला. क्विंटलमागे सात-आठशे रुपये गेले. मग काय होते? सुताराकडे वखर दुरुस्तीला येत नाही, शिंप्याकडे पोरांचे कपडे येत नाहीत, कुंभाराच्या भट्टीचा माल उठत नाही, वाण्याची वही जाड होत जाते. कास्तकाराच्या घरी एक दिवा विझला की गावात दहा विझतात. अशा वेळी सरकारने हात आखडू नये, उलट सैल सोडावा, हे आम्हीही म्हणतो. मंदीत खर्च करणे म्हणजे उधळपट्टी, असे म्हणणाऱ्या कंजुषांच्या पंगतीत आम्ही बसत नाही. आमचे भांडण निराळे आहे. मंदी आली की हात आखडतो तो आमच्या ताटावरचा, आणि ठेकेदाराच्या ताटावर तूप वाढणारा हात तसाच सैल राहतो.

हे आजचे नाही. १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली तेव्हा वऱ्हाडचा कापूस मातीमोल झाला. ज्या खामगावच्या कापूसबाजारासाठी इंग्रजांनी १८७० मध्ये जलंबहून आगगाडीचा फाटा आणला होता, त्याच बाजारात गाड्या भरून आणलेली रुई विकून साऱ्याचे पैसे निघेनात. आणि नेमक्या त्याच वेळी, फेब्रुवारी १९३१ मध्ये, नव्या दिल्लीच्या राजवाड्यांचे उद्घाटन थाटाने चालले होते! तरीही त्या परक्या सरकारने त्याच वर्षाच्या डिसेंबरापासून आपल्या नोकरांच्या पगारात शेकडा १० ची काट लाविली. परक्यांचे गोडवे आम्हांस गावयाचे नाहीत. पण स्वकीयांनी त्यांच्या वरताण करावी, ही अपेक्षा फार आहे काय?

आता स्वकीयांचा मासला पाहा. २०२० साली करोनाची साथ आली आणि देश बंद पडला. ४ मे २०२० रोजी वित्त विभागाने हुकूम काढला की, योजनांच्या तरतुदीपैकी फक्त शेकडा ३३ पैसे मिळतील, नवी कामे नाहीत, नवी नोकरभरती नाही. साथीत खजिना आटला होता, हे मान्य. आमदारांच्या पगारासही एक वर्ष शेकडा ३० ची काट लागली, तेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण जुलैत काय झाले? पोरांच्या शाळांना कुलपे, मास्तरांची भरती बंद, आणि त्याच शालेय शिक्षण खात्याचे मंत्री व अधिकारी यांच्याकरिता ६ मोटारी घेण्यास मंजुरी! खर्च १ कोटी ३७ लाखांच्या घरात. शाळा बंद असताना या मोटारी कोणत्या शाळेच्या दारी जाणार होत्या, हे आम्हांस आजतागायत कळलेले नाही. पुढच्या साली, मे २०२१ मध्ये, दुसरी लाट माणसे नेत असताना, उपमुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाची समाजमाध्यमांवर वाहवा करण्यासाठी सुमारे ६ कोटींचा ठेका देण्याचा हुकूम निघाला. बोभाटा झाला म्हणून तो दुसऱ्याच दिवशी रद्द करावा लागला. बोभाट्याने काम होते, एवढा धडा त्यातून घ्यावा.

मोटारी आणि जाहिराती या मात्र चिल्लर बाबी. खरी रक्कम कोठे वाढली ते ऐका. आमदाराने आपल्या मर्जीने कामे सुचवावीत असा जो स्थानिक विकास निधी असतो, तो २०२० पर्यंत दरसाल २ कोटी होता. २०२० त तो ३ झाला, २०२१ त ४ आणि २०२२ त ५ कोटी. साथीच्या तीन वर्षांत अडीचपट! विधानसभेचे २८८ व विधान परिषदेचे ७८ मिळून ३६६ सभासद धरले तर दरसाल १,८३० कोटी होतात. यात एका पक्षाचे सरकार गेले व दुसऱ्याचे आले, तरी कोणी हा आकडा खाली आणला नाही. एरवी विधानभवनात एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी मंडळी या बाबतीत सख्ख्या भावांसारखी नांदतात.

आता आमच्याच दाराशी येऊ. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर जिगावचे धरण आहे. आहे म्हणावे की होणार आहे म्हणावे, हा प्रश्नच आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्याचा अंदाज चारशे कोटींच्या आत होता. ज्यांनी त्यावेळी भूमिपूजनाचे पेढे खाल्ले त्यांची नातवंडे आज कर्त्या वयाची झाली. हे धरण कोणासाठी, तर शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या खारपाणपट्ट्याच्या मुलखासाठी, जेथे विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही आणि माणसालाही चालत नाही, जेथे खारे पाणी पिऊन मूत्रपिंडे निकामी झालेले रोगी गावोगाव आहेत. लाखावर हेक्टर जमिनीला ओलित देण्याचे वचन होते. वचन तसेच राहिले, आकडा मात्र ओल्या दुष्काळातल्या तणासारखा फोफावला.

२००८-०९ साली अमेरिकेतल्या पेढ्या बुडाल्या, जगात मंदी आली, कापसाचे गिऱ्हाईक हटले. त्याआधी २००६ त विदर्भातील आत्महत्याग्रस्त ६ जिल्ह्यांकरिता, ज्यात आमचा बुलढाणाही होता, दिल्लीने ३,७५० कोटींचे पॅकेज दिले होते. त्यातील २,१७७ कोटी पाटबंधाऱ्यांच्या नावाने होते. म्हणजे आत्महत्या कास्तकाराने करायच्या आणि सांत्वनाचा निम्म्याहून अधिक पैसा धरणांच्या कामावर जायचा! मग २००८ त केंद्राची कर्जमाफी आली, तीत पूर्ण माफीला २ हेक्टरांची मर्यादा. बागायती मुलखात पाच एकर म्हणजे सुखवस्तू घर. आमच्या कोरडवाहू वावरात दहा एकरवालाही कर्जबाजारी. तो सुटला नाही.

आणि या सर्व काळात नागपूरला काय चालले होते? विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ साली अवघ्या काही महिन्यांत ६ हजार ६७२ कोटींवरून २६ हजार ७२२ कोटींवर नेण्यात आली. एका दमात २० हजार कोटींची वाढ! जिगावचा आकडा त्यातच ४ हजार कोटींवर गेला. जगभर मंदीने लोखंड-सिमेंटाचे गिऱ्हाईक आटत असताना, एकट्या विदर्भातली धरणे एका उन्हाळ्यात चौपट महाग कशी झाली? दरसूची बदलली, भूसंपादन वाढले, आराखडा सुधारला, अशी कारणे दिली गेली. कारणे खरीही असतील. पण कारणे इतकी असताना पाणी का नसावे? २०१२ त मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सरकारला पत्र लिहून आपल्याच खात्याची लक्तरे वेशीवर टांगली. सरकारच्या आर्थिक पाहणीतून असे निघाले की, दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी खर्चून ओलिताचे क्षेत्र शेकडा ०.१ ने वाढले. मग श्वेतपत्रिका निघाली, चितळे समिती बसली, चौकश्या झाल्या, आणि डिसेंबर २०१९ मध्ये लाचलुचपत खात्याने न्यायालयास सांगितले की, तत्कालीन मंत्र्यांवर दोष येत नाही. ठीक आहे. आम्ही कोणास चोर म्हणत नाही, तो अधिकार न्यायालयाचा. आम्ही फक्त इतकेच विचारतो की, घरात चोरी झालेली नाही आणि दागिनाही सापडत नाही, याला काय म्हणावे?

जिगावची किंमत पुढे १३ हजार ८०० कोटींच्याही वर गेली. सुरुवातीच्या अंदाजाची पस्तीसपट! सालदाराचा पगार, कापसाचा भाव, ज्वारीचा भाव, यातले काय तितक्या वर्षांत पस्तीसपट झाले ते वाचकांनी आपल्या घरच्या वह्यांतून पाहावे. धरणाच्या पाण्याखाली जाणारी ४७ गावे काही पूर्ण, काही अर्धी उठावयाची. घर पाडावे तर नवी जागा नाही, दुरुस्त करावे तर बुडणाऱ्या घराला पैसा कोण घालील, अशा त्रिशंकू अवस्थेत दोन पिढ्या गेल्या. १५ ऑगस्ट २०२५ रोजी, जेव्हा बुलढाण्यात झेंडा फडकत होता, तेव्हा पुनर्वसनासाठी पूर्णेकाठी जलसमाधीचे आंदोलन करणाऱ्या प्रकल्पग्रस्तांतील एक जण पुरात वाहून गेला. ज्या धरणात वावराला पुरेल इतके पाणी तीस वर्षांत आले नाही, त्याच्या नदीत माणूस बुडण्यापुरते पाणी मात्र होते.

आमच्या मते उधळपट्टीचे खरे रूप हेच. मोटार दिसते, बंगल्याची रंगरंगोटी दिसते, म्हणून लोक तिच्यावर बोलतात. अर्धवट सोडलेले काम दिसत नाही. शंभर विहिरी पाच-पाच हात खणून ठेवणारापेक्षा एकच विहीर पाण्याला लावणारा शहाणा, हे आमच्या गावातले पोरही सांगेल. पण नवीन विहिरीला नारळ फोडता येतो, नावाची पाटी लागते, ठेकेदारास उचल मिळते. जुनी पुरी करण्यात यातले काहीच नाही. २०२५ च्या २४ जून रोजी मंत्रिमंडळाने शक्तिपीठ महामार्गाच्या जमिनीसाठी व आखणीसाठी २० हजार ७८७ कोटी मंजूर केले. रस्ता ८०२ किलोमीटरांचा, अंदाज ८६ हजार कोटींवर. वाटेतल्या कित्येक गावांचे कास्तकार जमीन देणार नाही म्हणून रस्त्यावर उतरलेले, आणि तरी पैसा तयार! तेवढ्या नुसत्या आखणीच्या पैशात जिगावसारखे दीड धरण होते. आणि खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी. इंग्रजांच्या काळापासून मोजण्या चालल्या आहेत. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बुलढाण्यास आगगाडीची शिटी माहीत नाही.

'मग तुम्हांला हवे तरी काय?' असे कोणी विचारील. आमच्याच राज्यात उत्तर आहे. १९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्यांच्या लक्षात असेल. त्यावेळी सरकारने लाखो हातांना काम दिले. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते झाले. त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ त झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. तिचा पैसा शहरातल्या पगारदारांवरील व्यवसाय करातून काढला. मंदीच्या काळातला खर्च असा असतो. पैसा प्रथम मजुराच्या हातात, तेथून वाण्याकडे, शिंप्याकडे, आणि मागे उरते ते पाणी. त्याच्याही आधी, १८८३ त, जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात त्यांनी सरकारास सुचविले होते की, पलटणी व पोलीस यांतील रिकाम्या हातांकडून तालीबंधारे घालून घ्या, म्हणजे पाणी शेतात मुरेल. आणि दूर कशाला, रस्त्याच्या भरावास लागणारी माती तळ्यांतून व नाल्यांतून काढायची, म्हणजे रस्ताही होतो आणि तळेही खोल होते, ही साधी युक्ती याच जिल्ह्यात झाली आणि 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून दिल्लीपर्यंत वाखाणली गेली. एका पैशात दोन कामे!

लाडक्या बहिणींच्या पैशाबद्दल आम्हांस नेहमी विचारतात. जुलै २०२४ पासून महिना १,५०० रुपये बाईच्या खात्यात येऊ लागले, त्याला आम्ही उधळपट्टी म्हणत नाही. जी माउली निंदणी-वेचणी करून कंबर मोडून घेते तिच्या हातात पैसा गेला, तो दारूच्या दुकानात न जाता मिठामिरचीत व पोरांच्या वह्यांत गेला. मध्ये ठेकेदार नाही. उलट आमची तक्रार वेगळी आहे. निवडणुकीपूर्वी न पाहता नावे घेतली, आणि मते पेटीत पडल्यावर तपासणी सुरू होऊन २०२५ त २६ लाखांवर नावांचे पैसे थांबविले. ती नावे अपात्र होती तर आधी पैसा का दिला? पात्र होती तर मग का थांबविला? आणि मे २०२५ मध्ये याच योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी व आदिवासी खात्याचे ३३५ कोटी वळविले. खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी कुरकुर केली. महार-मांगांच्या पोरांच्या वसतिगृहाचा व कोरकू-भिल्लांच्या आश्रमशाळेचा घास काढून त्यांच्याच आयांना ओवाळणी घालायची, हा कोणता भाऊ? योजनांच्या जाहिरातबाजीसाठी २०२४ त २७० कोटी मंजूर केले होते. ओवाळणीला कमी पडत होते तर पहिला हात त्या थैलीत का गेला नाही?

म्हणून आमच्या गावोगावच्या वाचकांस आमची सूचना आहे. ग्रामसभेत ठराव करा आणि आपल्या आमदाराकडे लेखी धाडा. जिल्ह्यातली जी धरणे, कालवे, पाणीयोजना अर्ध्यावर आहेत त्यांची यादी, मूळ किंमत, आजची किंमत व आजपर्यंत भिजलेले एकर, असे चार रकाने करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावेत. ती पुरी होईपर्यंत त्या खात्यात नवा नारळ फुटू नये. खजिन्याला तोटा आला व कात्री लावायची झाली तर ती आमदार निधीपासून, जाहिरातीपासून व मोटारींपासून लागावी, आणि सामाजिक न्याय व आदिवासी खात्यांच्या पैशाला दुसऱ्या कामासाठी हात लावण्याची बंदी कायद्यानेच व्हावी. पुरवणी मागण्या वर्षाच्या मूळ आकड्याच्या ठराविक भागापलीकडे गेल्यास मंत्र्याने सभागृहात उभे राहून प्रत्येक रकमेचे कारण सांगावे.

आणि पुढच्या वेळी मांडव घालून, हार घेऊन जो कोणी मत मागावयास येईल, त्यास पाणी द्या, गूळ द्या, घोंगडीवर बसवा, आणि चौथ्या रकान्यातला आकडा वाचून दाखवावयास सांगा.